पाय धुणं आणि धुऊन घेणं: मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी

चर्चमधली उपासना संपते, लोक बाहेर पडायला लागतात आणि कोणीतरी पाळकाचा हात हातात घेऊन म्हणतं, "काही लागलं तर सांगा हं." उत्तर ठरलेलं: "नाही हो, सगळं छान चाललंय. प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणजे झालं." विचारणारा सुटतो, सांगणाराही सुटतो. मंडळीतले वडील, शब्बाथशाळा (मुलांचा बायबलवर्ग) चालवणाऱ्या बाई, तरुण संघाचे पुढारी, सगळ्यांच्या तोंडी हेच वाक्य बसलेलं आहे. सेवा करायची ती आपण, घ्यायची ती इतरांनी, असा अलिखित नियमच होऊन बसतो.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. यावर प्रवचनं पुष्कळ होतात. पण 14 व्या वचनातला "एकमेकांचे" हा शब्द बहुतेक वेळा घाईत मागे पडतो. एकमेकांचे पाय धुवायचे म्हटल्यावर कधीतरी आपलाही पाय पुढे करावा लागतो. येशूचा शिष्य पेत्र तिथेच अडला होता. दुसऱ्याचे पाय धुवायला त्याने कदाचित नाही म्हटलं नसतं. स्वतःचे धुऊन घ्यायला मात्र तो साफ नकार देतो. आणि एकच अध्याय मागे गेलात तर बेथानीत मरीया महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावून ते आपल्या केसांनी पुसते. त्या तेलाची किंमत शिष्य यहूदा 300 दिनार सांगतो, म्हणजे मजुराची 300 दिवसांची मजुरी. येशू तिला थांबवत नाही. उलट जो थांबवू पाहतो त्याला गप्प करतो. आधी स्वतःच्या पायांची सेवा घेतली, मग इतरांचे पाय धुतले, हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

सेवा: छोटी, ठरलेली, पूर्ण केलेली

सुरुवात एका न दिसणाऱ्या कामापासून करा. आठवड्याला एकच. खुर्च्या लावणं, स्वच्छतागृह पुसणं, उपासनेनंतर गीतपुस्तकं गोळा करून मोजून ठेवणं, असं काहीही चालेल. अटी तीन: काम खरोखर लागणारं हवं, दर आठवड्याला त्याच वेळी व्हायला हवं आणि त्याचा उल्लेख प्रवचनात कधीही येता कामा नये. दुसऱ्याचं ठरलेलं काम मात्र हिसकावून घेऊ नका. दहा वर्षं खुर्च्या लावणाऱ्या काकांच्या आधी येऊन तुम्ही नम्रतेने खुर्च्या लावल्यात, तर त्यांच्या हातचं काम गेलं आणि तुमची नम्रता सगळ्यांनी पाहिली. आधी विचारा: "काका, तुमच्या हाताखाली मला काय देता?" मग ते सांगतील तसंच करा, रांगा तिरक्या वाटल्या तरी.

पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) पाय धुण्याचा विधी असतो तेव्हा लोक घरून पाय स्वच्छ धुऊन येतात, हे एकदा हसून मान्य करायला हवं. विधीला त्याची जागा आहेच, पण मळलेले पाय वर्षभर दुसरीकडे असतात.

आजाऱ्याची भेट हे पुढाऱ्याचं सर्वांत नेहमीचं काम आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. आत जाण्याआधी हात धुवा. पलंगावर बसू नका. खुर्ची ओढून डोळे एका पातळीवर येतील असे बसा, कारण उभ्या माणसाकडे मान वर करून बघत राहणं आजाऱ्याला जड जातं. रुग्णालयात 10 ते 15 मिनिटं पुरे. डॉक्टर किंवा नर्स आली तर कोणी सांगायची वाट न बघता बाहेर व्हा. "हे कसं काय झालं?" हा प्रश्न टाळा, तो त्याला त्या दिवशी दहाव्यांदा विचारला जात असतो. "आज कसं वाटतंय?" एवढं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. प्रार्थनेआधी परवानगी घ्या: "प्रार्थना करू का? कशासाठी करू?" तो जे सांगेल तेच मागा, मिनिटभरात संपवा. तेल लावायचं, डोक्यावर हात ठेवायचा तर तेही विचारून. बरं होण्याची हमी देऊ नका आणि औषधं बंद करायला चुकूनही सांगू नका.

निघताना शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा. त्याची विचारपूस सहसा कोणीच करत नाही. "गुरुवारी चार ते सहा मी इथे बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा," हे वाक्य लांबलचक प्रार्थनेपेक्षा जास्त कामाचं ठरतं. त्यात वार आहे, वेळ आहे आणि काम आहे. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की मागण्याचं ओझं पुन्हा त्याच दमलेल्या माणसावर पडतं, म्हणून ते शक्यतो तोंडात येऊच देऊ नका.

शोकाच्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते. खरी पोकळी येते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पाहुणे परतल्यावर आणि कागदपत्रांची कामं उरल्यावर. त्यासाठी एक साधी डायरी ठेवा: गेलेल्या माणसाचा वाढदिवस, महिना पूर्ण होण्याची तारीख, वर्षाची तारीख. त्या दिवशी एक फोन. हे कोणाच्याही स्मरणशक्तीवर सोडलं की राहून जातंच.

पैशाची मदत एकट्याने देऊ नका. दोघांनी मिळून ठरवा, शक्य तिथे रक्कम थेट शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यात भरा, पावती ठेवा. उसने म्हणून खासगीत देणं टाळावं. परत आले नाहीत तर तो माणूस उपासनेला यायचाच बंद होतो, पैसे आणि माणूस दोन्ही जातात. द्यायचं तर देणगी म्हणून द्या आणि तसं स्पष्ट बोला. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना पाठवलं होतं आणि कारणही लिहून ठेवलं आहे (2 करिंथ 8:20-21): कोणी बोट ठेवू नये, आणि प्रभूसमोर जसं नीट दिसावं तसं माणसांसमोरही दिसावं. लहान मुलांमध्ये काम करतानाही हाच हिशेब, खोलीत दुसरं प्रौढ माणूस हवंच.

मदत कोणती हवी, ते आधी ठरवा

बायबलच्या निर्गम पुस्तकातले 17 आणि 18 हे अध्याय एकमेकांना लागून आहेत आणि दोन्हींत मोशेला मदत मिळते, पण दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची. 17 व्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असते. मोशेचे हात जड होतात तेव्हा अहरोन आणि हूर आधी त्याच्याखाली बसायला धोंडा ठेवतात, मग दोन बाजूंनी सूर्यास्तापर्यंत हात धरून ठेवतात. काम मोशेचंच राहतं, त्याला फक्त आधार मिळतो. 18 व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे मिटवत बसलेला असतो. सासरा इथ्रो ते पाहतो आणि सरळ सांगतो की तूही झिजशील आणि लोकही. इथे हात धरून भागणार नसतं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमून काम वाटावं लागतं, फक्त अवघड प्रकरणं मोशेकडे येतात.

घोटाळा होतो तो या दोहोंची अदलाबदल झाली की. वाटून देण्याजोगं काम स्वतःकडे ठेवून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणणारा पाळक अहरोन-हूर मागतोय, त्याला हवा आहे इथ्रो. उलट, घरात आजारपण असताना "तुमची सगळी कामं आम्ही घेतो, तुम्ही विश्रांती घ्या" असं म्हणत मंडळीने प्रवचनही काढून घेतलं, तर त्याला हवा होता बसायला धोंडा आणि मिळाली रजा.

ओळखायचं कसं? 14 दिवस एका वहीत केलेलं प्रत्येक काम लिहा, किल्ल्या शोधण्यापासून अंत्यविधीपर्यंत. मग प्रत्येकापुढे एक अक्षर टाका. "मी": हे मलाच करायला हवं. "शि": शिकवलं तर दुसरं कोणी करेल. "को": आज, आत्ता कोणीही करू शकेल. प्रामाणिकपणे केलंत तर "को" ची रांग बघून थोडी लाज वाटेल. "मी" च्या रांगेवर मात्र दुसऱ्या कोणाची नजर फिरवून घ्या, शक्यतो घरातल्या माणसाची. तिथे आपला मोठेपणा लपून बसायची सवय असते. "को" ची कामं याच महिन्यात द्या. "शि" ची कामं एका वेळी एकच.

देताना चार आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात तो बघतो, दुसऱ्यात दोघं मिळून करता, तिसऱ्यात तो करतो आणि तुम्ही बघता, चौथ्यात तुम्ही तिथे नसता. चौथा आठवडा बहुतेक जण गाळतात आणि मग काम कधीच पूर्ण सुटत नाही. कामाबरोबर अधिकारही द्या: किती खर्च न विचारता करायचा, कोणते निर्णय स्वतः घ्यायचे, अडलं तर फोन कोणाला. अधिकार न देता काम दिलं तर तो माणूस तुमचा निरोप्या होतो, आणि निरोप्याचं काम लोक फार दिवस करत नाहीत.

माणूस निवडताना प्रेषितांची कृत्ये 6 बघा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, अशी तक्रार होती. निवड प्रेषितांनी स्वतः न करता मंडळीवर सोडली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. तक्रार ज्यांची, त्यांना समजून घेणाऱ्यांच्या हाती काम गेलं. तुमच्याकडे एखाद्या गोष्टीवर सर्वांत जास्त कुरकुर करणारी बाई असेल, तर तिला टाळण्याआधी तेच काम तिच्या हातात देऊन बघा.

मागायचं कसं

2 तीमथ्य 4 मध्ये पौल तुरुंगातून तीमथ्याला मागणं लिहितो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि होईल तितकं करून हिवाळ्याआधी ये. काय, कुठून, कोणाकडून, कधीपर्यंत, सगळं आलं. कण्हणं-कुथणं नाही आणि "जमलं तर बघ" असा आडपडदाही नाही.

आता हे बघा. व्यासपीठावरून: "तरुणांनी पुढे यायला हवं. मी एकटा किती दिवस करणार?" यातून हाती काहीच लागत नाही, जे आधीच करतात तेवढे दुखावतात. त्याऐवजी एकटीला गाठून: "मावशी, येते चार रविवार उपासनेआधी 20 मिनिटं येऊन दारात नव्या लोकांचं स्वागत कराल का? नावं या वहीत लिहायची, बाकी काही नाही. चार रविवार झाले की आपण परत बोलू. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मला वाईट वाटणार नाही." काम, वेळ, मुदत आणि नकाराची मोकळीक. मुदत ठेवली नाही तर लोक होकार द्यायला घाबरतात, कारण मंडळीतलं काम एकदा गळ्यात पडलं की सुटत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. आणि मावशी नाही म्हणाल्या तर खरंच वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या रविवारी त्यांच्याशी नेहमीसारखं बोलणं हाच त्या शब्दाचा पुरावा.

स्वतःच्या घरच्या गरजेसाठी मागणं याहून अवघड. त्यासाठी खिशात एका वेळी दोन छोट्या गरजा तयार ठेवा: "मुलाला गणित शिकवायला आठवड्यातून तासभर कोणी हवंय", "सोमवारी आईला तपासणीला न्यायला गाडी हवीय". कोणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं की त्यातली एक लगेच सांगा. पहिल्यांदा समोरचा दचकतो, आणि मग बऱ्याचदा त्याचा चेहरा खुलतो.

घेताना हात आखडू नका

मदत आली की तीन चुका ठरलेल्या. एक, केलेलं काम पुन्हा करणं. कोणी सभागृह झाडून गेलं आणि त्याच्या पाठीमागे तुम्ही कोपरे झाडलेत, तर पुढच्या वेळी तो येणार नाही, आणि कारणही सांगणार नाही. दोन, लगेच परतफेड. त्याने गाडी दिली म्हणून तुम्ही दुसऱ्याच दिवशी भेटवस्तू घेऊन गेलात की मदतीचा व्यवहार होतो. तीन, कमीपणाचं प्रदर्शन: "अरे देवा, तुम्हाला उगाच त्रास!" हे दहादा ऐकल्यावर त्यालाच आपण काही चुकीचं केलं असं वाटू लागतं.

आभार कसे मानावेत हे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौल काय आलं आणि कोणाच्या हातून आलं ते नावानिशी सांगतो (एपफ्रदीत), माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत म्हणतो आणि परतफेडीचं वचन स्वतः देत नाही, ते देवावर सोपवतो. तुमचं वाक्य एवढंच असू द्या: "सोमवारी तुम्ही आईला घेऊन गेलात म्हणून मला अंत्यविधीला वेळेवर पोहोचता आलं. आभारी आहे." पुढे काही जोडू नका.

सगळी मदत घ्यावी असंही नाही. हाच पौल करिंथकरांकडून स्वतःसाठी पैसे घ्यायला नकार देतो आणि मासेदोनियातल्या मंडळ्यांकडून घेतो (2 करिंथ 11:8-9). कुठे घेतल्याने हात बांधले जातील हे त्याने ओळखलं होतं. तुमच्यासाठी कसोटी अशी: ही मदत सगळ्यांसमोर सांगता येईल का? ती घेतल्यानंतर या माणसाला नाही म्हणता येईल का? तो सध्या एखाद्या पदासाठी, लग्नाच्या परवानगीसाठी किंवा वादाच्या निकालासाठी तुमच्याकडे आलेला आहे का? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर "नाही" किंवा तिसऱ्याचं "हो" आलं, तर नम्रपणे नाकारा आणि देणगी मंडळीच्या पेटीत टाकायला सुचवा. मोठ्या भेटींची नोंद खजिनदाराकडे करा, म्हणजे पुढे कुजबुजीला जागा राहत नाही.

मनावरचं ओझं

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं दुसऱ्या वचनात आहे आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असं पाचव्यात. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला बारोस, चिरडून टाकणारं वजन. दुसरा फोर्तिओन, ज्याने त्याने आपल्या पाठीवर न्यायचं गाठोडं. रविवारचं प्रवचन तयार करणं हे गाठोडं. घरातलं व्यसन, कर्ज, झोप उडवणारी भीती, डळमळलेला विश्वास हे बारोस. ते एकट्याने न्यायचं नसतंच.

ते कोणाला सांगायचं? सगळ्या मंडळीला नव्हे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, येशू बाकीच्या शिष्यांना एका जागी बसवतो, पेत्र, याकोब आणि योहान यांना पुढे नेतो, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं त्यांना उघड सांगतो आणि मागतो एवढंच की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. तो परत येऊन पुन्हा सांगतो. तुमचेही दोन-तीन जण हवेत, त्यातला निदान एक तुमच्या मंडळीबाहेरचा, ज्याच्यावर तुमचा अधिकार चालत नाही. महिन्यातून एकदा, दीड तास, ठरलेल्या दिवशी भेटा. प्रश्न तेच ते असू द्या: झोप किती? पैशाची काय स्थिती? घरात कोणाशी बोलणं तुटलंय? काय लपवतोयस? आणि त्यांच्यातला एखादा झोपला, विसरला, चुकीचं बोलला, तर नातं तोडू नका, पुन्हा सांगा.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत बोलून घ्या. कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर ते पोटात ठेवलं जाणार नाही. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही, त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. हे पुढाऱ्यालाही तितकंच लागू. संदेष्टा एलीया झुडुपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न कितीतरी नंतर, होरेब डोंगरावर आला.

वर्षातून एक रविवार फोन बंद ठेवून दुसऱ्या मंडळीत मागच्या बाकावर जाऊन बसा. आपल्याकडची उपासना कोण चालवणार, किल्ली कोणाकडे, अचानक अंत्यविधी आला तर कोण जाणार, हे आठवडाभर आधी कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. परत आल्यावर काय चुकलं ते विचारू नका, काय करावं लागलं ते विचारा आणि लिहून घ्या. माईकचा आवाज कमी होता, गीत चुकीच्या सुरात सुरू झालं, घोषणा राहून गेल्या, अशी यादी येईल. त्यातलं काहीही त्या आठवड्यात दुरुस्त करायला जाऊ नका; ज्यांनी चालवलं त्यांनाच पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवू द्या.